प्रवाळ-दगड पॉलिशला घेण्याआधी

प्रवाळाचा जीवाश्म असलेला दगड हाती आला, तो पाण्यात बुडवला आणि त्यावरची नक्षी एकदम उठून दिसली, की लगेच घासायला बसावेसे वाटते. ओल्या दगडावर दिसलेले ते रूप कायमचे राहावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. पण या छंदात चांगले दगड वाया जातात ते बहुतेक वेळा घासायला सुरुवात होण्याआधीच, कारण दगड कशाचा आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. दिसायला अगदी सारखे दोन प्रवाळ-दगड घेतले, तर एक नखापेक्षा जरासाच कठीण निघतो आणि दुसरा सुरीलाही दाद देत नाही. पहिल्यावर घरी बसून, हाताने, एका दुपारी छान चमक आणता येते. दुसऱ्यावर तितकाच वेळ हात दुखेपर्यंत घासले तरी फरक पडत नाही. म्हणून पॉलिशच्या आधीची तपासणी हा या कामाचा अर्धा भाग आहे. तिला लागणारे बहुतेक सामान घरातच सापडते: भिंग, टॉर्च, जुनी सुरी, थोडे व्हिनेगर, वजनकाटा आणि थोडी सबुरी.

दोन टोकांचे दोन दगड

तपासणी समजून घेण्यासाठी अमेरिकेतले दोन दगड डोळ्यांसमोर ठेवू.

पहिला मिशिगन राज्यातला ‘पेटोस्की स्टोन’. लेक मिशिगनच्या काठावर पेटोस्की नावाचे गाव आहे. त्या परिसरातल्या किनाऱ्यांवर हे दगड सापडतात. हेक्झागोनेरिया पर्कॅरिनाटा या प्रवाळाची ही जीवाश्म झालेली वसाहत. डेव्होनियन काळात, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या मिशिगनच्या जागी उथळ आणि उबदार समुद्र होता. त्यातले प्रवाळ चुनखडकात जतन झाले. फार पुढे, हिमयुगात, हिमनद्यांनी तो खडक उखडून तुकडे दूरवर पसरवले आणि सरोवराच्या लाटांनी ते गोल, गुळगुळीत केले. १९६५ मध्ये मिशिगनने त्याला ‘राज्याचा दगड’ म्हणून मान्यता दिली. डेट्रॉइटच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबे उन्हाळ्यात उत्तरेकडे फिरायला गेली, की खिशातून असा एखादा दगड घरी येतो आणि पुढे भारतातल्या भाचरांपर्यंतही पोचतो. हा दगड कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या कुळातला.

दुसरा फ्लोरिडाच्या टँपा उपसागराजवळ सापडणारा. फ्लोरिडाने १९७९ मध्ये त्याला राज्याचा दगड ठरवले. हे प्रवाळ वयाने पुष्कळ लहान, काही कोटी वर्षांपूर्वीचे. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती. प्रवाळाचा मूळ चुनेरी सांगाडा हळूहळू विरघळत गेला आणि त्या जागी ही सिलिका साचत गेली. त्यामुळे बाहेरून प्रवाळाचा आकार राहिला, पण दगड मात्र अकीक झाला. यातले बरेचसे दगड आतून पोकळ असतात आणि पोकळीच्या भिंतींवर कॅल्सेडनीचे गोल फुगवटे दिसतात. इंडोनेशियातून येणारे, अंगठी-लोलकांसाठी विकले जाणारे बरेचसे फुलांच्या नक्षीचे प्रवाळ-दगडही याच जातीचे, सिलिकेचे.

तुमच्या हातातला दगड मिशिगनच्या बाजूचा आहे की फ्लोरिडाच्या, की दोहोंच्या मधला, हे शोधणे म्हणजेच ही तपासणी.

आधी धुवा, मग पाहा

मऊ ब्रश, साधे पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब एवढ्यावर दगड धुवा. माती निघावी म्हणून अ‍ॅसिडमध्ये टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. दगड कॅल्साइटचा असेल तर मातीबरोबर नक्षीही खाल्ली जाईल. धुतल्यावर दगड एकदा पूर्ण कोरडा आणि एकदा ओला, असा दोनदा पाहा. कोरडा पेटोस्की दगड साध्या करड्या चुनखडकासारखाच दिसतो. ओला झाला की त्यावर बहुतेक सहा बाजूंच्या, क्वचित पाच किंवा सात बाजूंच्या घरांची जाळी उमटते.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि एकच घर नीट बघा. मध्ये गडद डोळा असतो. त्या डोळ्याकडून कडेच्या भिंतीकडे बारीक रेषा निघतात. हे त्या घरात राहणाऱ्या जिवाच्या सांगाड्यातले उभे पडदे. असे पडदे स्पष्ट दिसले तर दगड प्रवाळाचा आहे हा सर्वांत भरवशाचा पुरावा. त्याच किनाऱ्यांवर फॅव्होसाइट्स हे दुसरे प्रवाळ सापडते. मिशिगनचे लोक त्याला शार्लव्हॉय स्टोन म्हणतात. त्याची घरे दोन-तीन मिलिमीटरची आणि मधाच्या पोळ्यासारखी दाटीने बसवलेली असतात, पण त्यांत डोळा आणि रेषा दिसत नाहीत. एकटे वाढणारे शिंगाच्या आकाराचे प्रवाळही मिळतात. त्यांच्या रुंद तोंडाशी रेषांचे चक्र दिसते.

वरची बाजू पाहून झाली की दगड आडवा धरा. वर जिथे घरे दिसतात तिथे बाजूने समांतर नळ्या किंवा उभ्या रेषा दिसायला हव्यात, कारण प्रत्येक घर ही खरे तर खालून वर वाढत आलेली नळी असते. वरची नक्षी आणि बाजूच्या नळ्या यांचा मेळ बसला तर नक्षी दगडाच्या आतपर्यंत आहे. नक्षी फक्त वरच्या कातडीवर असेल आणि कडेला अचानक संपत असेल, तर ती छापलेली किंवा रंगवलेली असू शकते.

फसवणारे नैसर्गिक दगडही असतात. ब्रायोझोआ या दुसऱ्याच प्राणिगटाच्या वसाहती बारीक जाळीमुळे प्रवाळ वाटतात. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बाघच्या परिसरातला चुनखडक ‘कोरलाइन’ म्हणून ओळखला जातो, पण त्यात भरलेले जीवाश्म मुख्यतः ब्रायोझोआचे आहेत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा. त्यातल्या पोकळ्यांत झिओलाइट किंवा अकीक भरून तयार झालेले पांढरे ठिपके आणि गोल पट्टे पाहून अनेकांना प्रवाळाचा भास होतो. भिंगातून पाहिल्यावर तिथे घरांच्या भिंती आणि पडदे मिळत नाहीत. भारतातच खरे जीवाश्म प्रवाळ पाहायचे तर कच्छच्या ज्युरासिक काळातल्या खडकांची माहिती घ्यावी.

चऱ्याची कसोटी

आता दगडाची मागची किंवा पॉलिश न करायची जागा निवडा. स्टीलच्या जुन्या सुरीच्या टोकाने तिथे अर्धा सेंटिमीटर लांब रेघ ओढा. जोर एकसारखा ठेवा. मग ओल्या बोटाने ती जागा पुसा आणि भिंगातून पाहा.

इथे बरेच जण चुकीचा निष्कर्ष काढतात. दगडावर करडी, चकचकीत रेघ दिसली म्हणजे दगडाला चरा पडला, असे त्यांना वाटते. कठीण दगडावर उलट सुरीच झिजते आणि तिचा धातू दगडावर उतरतो. ती रेघ चोळल्यावर फिकी होते आणि नख आडवे फिरवले तर कुठे अडत नाही. खरा चरा पांढुरक्या भुकटीसह येतो, पुसल्यावर खाच उरते आणि नख त्यात अडते. मोह्‌सच्या काठिण्यश्रेणीत नख सुमारे अडीच, कॅल्साइट तीन, सुरीचे पाते सुमारे साडेपाच आणि सिलिका साडेसहा ते सात. म्हणजे सुरीने सहज खाच पडली तर दगड बहुधा कॅल्साइटचा, आणि सुरी घसरली तर सिलिकेचा. खात्रीसाठी जुन्या बाटलीच्या काचेवर दगडाचा टोकदार कोपरा घासा. सिलिकेचा दगड काचेवर चरा पाडतो, कॅल्साइटचा पाडत नाही.

परदेशी पुस्तकांत तांब्याच्या नाण्याने तपासायला सांगितलेले असते. आपली सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. त्यामुळे ती तांब्याच्या जागी चालत नाहीत. सुरी पुरेशी आहे.

आम्लाची कसोटी

कॅल्साइट आम्लात फसफसतो, सिलिका फसफसत नाही. यासाठी स्वयंपाकघरातले व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पुरतो. संडास साफ करायचे अ‍ॅसिड वापरू नका. त्याची वाफ घातक असते आणि ते दगडावर खोल डाग पाडते.

आधी त्याच जागी साध्या पाण्याचा एक थेंब टाका. दगडाला बारीक छिद्रे असतील तर आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे दिसतात. हे पाहून ठेवले नाही तर पुढे व्हिनेगरच्या थेंबातली हवाही फसफस वाटते. पाणी टिपून घ्या, दगड वाळू द्या आणि मग चऱ्यातून निघालेल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब सोडा. भिंगातून मिनिटभर पाहा. कॅल्साइट असेल तर भुकटीच्या कणाकणापासून बारीक बुडबुड्यांच्या सरी उठत राहतात. व्हिनेगर सौम्य असल्याने फेसाची अपेक्षा ठेवू नका. अखंड भागावर काहीच होत नाही आणि भुकटीवर मात्र किंचित हालचाल दिसते, असे झाले तर दगड डोलोमाइटचा असू शकतो. तोही चुन्याच्याच कुळातला, पण जरा कठीण.

थेंब नेहमी ताज्या, घासलेल्या जागेवर टाका. सिलिकेच्या दगडावरही कधी कधी चुन्याचा पातळ थर असतो आणि तो फसफसून आपल्याला चकवतो. तपासणी झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने दगड धुवा. पॉलिश झालेल्या दगडावर ही कसोटी करायची नाही. कॅल्साइटची चमक एका थेंबाने जाते.

वजन कमी सांगते, पाणी जास्त

सिलिकेचा दगड ‘जड लागतो’ असे पुष्कळदा ऐकू येते. कॅल्साइटची घनता सुमारे २.७१ आणि सिलिकेची, म्हणजे क्वार्ट्‌झची २.६५. हाताला हा फरक कळणे शक्य नाही, आणि आहे तोही उलट्या दिशेने. वजनावरून फक्त एकच गोष्ट कळते. दगड हाताला विलक्षण हलका, पांढरा आणि खरखरीत लागला, तर तो जीवाश्म नसून अलीकडच्या प्रवाळाचा सच्छिद्र सांगाडा असण्याची शक्यता मोठी आहे. त्याचे काय करायचे ते पुढे सांगितले आहे.

पाणी मात्र बरेच काही उघड करते. कोरडा दगड वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून, पुन्हा वजन करा. काट्यावर दिसण्याइतके वजन वाढले तर दगड सच्छिद्र आहे. जागोजागी थेंब टाकूनही हे तपासता येते. घट्ट भागावर थेंब तसाच बसून राहतो, सच्छिद्र भाग तो शोषून घेतो. अशा भागावर कितीही घासले तरी चमक धरत नाही.

चिरा शोधायलाही पाणीच कामाला येते. दगड पाण्यातून काढून फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरपा धरून पाहत राहा. पृष्ठभाग वाळून फिका होत जातो, पण जिथे चीर आहे तिथे केसाएवढी गडद रेघ मागे राहते, कारण चिरेत अडकलेले पाणी उशिरा सुकते. ती रेघ पेन्सिलीने आखून ठेवा. एक-दोन उथळ रेषा असतील तर हरकत नाही. रेघ दगडाला वळसा घालून पलीकडे निघत असेल, किंवा दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर तिथून कणी पडत असेल, तर घासताना दगड दुभंगेल असे धरून चाला.

सर्वांत अवघड: मिश्र दगड

निसर्गात सगळेच दगड एका टोकाचे नसतात. काही प्रवाळांत घरांच्या भिंती सिलिकेच्या झालेल्या असतात आणि आतले भरण कॅल्साइटचे असते. काहींत डोळ्यांच्या जागी मऊ माती भरलेली असते. असा दगड घासला की मऊ भाग खचतो, कठीण भाग वर राहतो आणि पृष्ठभाग लाटांसारखा होतो. मग कितीही बारीक कागद घेतला तरी सपाट चमक येत नाही.

हे आधीच ओळखण्याची एक सोपी रीत आहे. सुरीने नक्षीच्या आरपार, तीन-चार घरे ओलांडून जाणारी एकच सरळ रेघ ओढा. पुसून भिंगातून पाहा. रेघ सलग खाचेसारखी असेल तर दगड एकजीव आहे. रेघ भिंतींवर तुटत असेल आणि मधल्या भागात पुन्हा दिसत असेल तर दगड मिश्र आहे. व्हिनेगरचा थेंबही तेच सांगतो. बुडबुडे काही ठिकाणांहून येतात, काही ठिकाणांहून येत नाहीत.

एक लहान जागा घासून पाहा

सगळ्या कसोट्यांनंतरही पूर्ण दगड एकदम हाती घेऊ नका. मागच्या बाजूला बोटाच्या टोकाएवढी जागा निवडा. २२० नंबरचा वॉटर पेपर भिजवून दोन-तीन मिनिटे घासा. कॅल्साइट असेल तर लगेच दुधाळ पाणी सुटते. सिलिका असेल तर पाणी जवळजवळ स्वच्छ राहते आणि कागदच बोथट होतो. कॅल्साइट निघाला तर ४०० आणि ६०० नंबरने पुढे जा. नंबर बदलण्याआधी जागा पूर्ण कोरडी करून पाहा, कारण ओल्या दगडावर आधीचे चरे लपतात. शेवटी ओल्या मखमलीवर पॉलिश पावडर घेऊन चोळा. या छोट्या जागेवर चमक कशी येते, कुठे खळगे पडतात, रंग कसा उठतो हे दिसले की पूर्ण दगडाचा अंदाज बांधता येतो.

याच टप्प्यावर कोणती बाजू पॉलिश करायची हेही ठरवा. नळ्यांना आडवा छेद घेतला तर घरे आणि डोळे दिसतात, नळ्यांच्या लांबीत छेद घेतला तर समांतर रेषा दिसतात. तिरप्या छेदात घरे लांबट, ओढल्यासारखी होतात. दगड ओला करून हातात फिरवत राहिलात तर त्याची सर्वांत देखणी बाजू सापडते.

तपासणीनंतर तीन वाटे

१. एकजीव कॅल्साइट, चिरा नाहीत: हाताने घासा. अकिकाच्या दगडांबरोबर टंबलरमध्ये, म्हणजे दगड घोळवून घासणाऱ्या फिरत्या डब्यात, टाकू नका. कठीण दगड त्याला झिजवून टाकतात.

२. एकजीव सिलिका: हाताच्या कागदाने वेळ घालवू नका. कार्बोरंडम पावडर, टंबलर किंवा डायमंडची चाके आणि शेवटी सिरियम ऑक्साइड हा त्याचा मार्ग. घरी साधने नसतील तर खंभात किंवा जयपूरसारख्या ठिकाणी अकिकाचे काम करणारे कारागीर ते करून देऊ शकतात. पोकळ दगड आधी कापून घ्यावा लागतो.

३. मिश्र, सच्छिद्र किंवा खोल चिरांचा: बहुतेक वेळा हा दगड तसाच ठेवणे उत्तम. काचेच्या वाडग्यात पाण्यात ठेवला तरी नक्षी छान दिसते. पॉलिश करायचेच असेल तर दगड पूर्ण वाळवून, पातळ इपॉक्सी मुरवून, ते पक्के झाल्यावरच कामाला लागा.

विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहा. भडक लाल किंवा निळ्या रंगाचा प्रवाळ-दगड असेल तर मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा. बोळ्याला रंग लागला तर दगड रंगवलेला आहे. अंगठीत घालतात ते पोवळे म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रवाळाचा सांगाडा. त्यावर डोळा आणि रेषांची फुले नसतात. फुलांच्या नक्षीचा जीवाश्म कोणी पोवळे म्हणून पोवळ्याच्या भावात देत असेल तर घेऊ नका.

धुळीला हलके घेऊ नका

कोणताही दगड कोरडा घासू नका. विशेषतः सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांच्या पिढ्यांनी हा आजार सोसला आहे. आपण छंदासाठी करत असलेल्या कामात हा धोका सहज टाळता येतो: दगड आणि कागद सतत ओला ठेवा, एन-९५ मास्क लावा, खाली पडलेला चिखल वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांना जवळ बसवून यंत्रावर काम करू नका. कॅल्साइट वाटलेला दगड मिश्रही निघू शकतो, म्हणून ही शिस्त सगळ्याच दगडांना लावा.

उचलण्याआधी कायदा

मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवरून एका माणसाला वर्षाला २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलोच दगड नेता येतात. २०१५ मध्ये सरोवरातून काढलेला ९३ पौंडांचा पेटोस्की दगड राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने ताब्यात घेतला होता. स्लीपिंग बेअर ड्यून्ससारख्या राष्ट्रीय संरक्षित किनाऱ्यावरून तर एकही दगड उचलायची परवानगी नाही. तिथे पाण्यात बुडवून पाहा, फोटो काढा आणि परत ठेवा.

कोकणकिनाऱ्यावर प्रश्न वेगळा आहे. मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहेत आणि त्यांचे तुटलेले पांढरे तुकडे वाळूत येतात. ते जीवाश्म नव्हेत. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. वर सांगितलेला हलका, पांढरा, खरखरीत तुकडा अशा किनाऱ्यावर दिसला तर तो उचलू नका, विकत घेऊ नका आणि पॉलिश तर अजिबात करू नका. परदेशातून खरा जीवाश्म आणताना मात्र पावती आणि नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटीस कराराच्या अटी जीवाश्म प्रवाळांना लागू होत नाहीत, पण तो जीवाश्म आहे हे दाखवता आले पाहिजे.

नोंद ठेवा, एक बाजू राखा

पॉलिश म्हणजे दगडाचा वरचा थर कायमचा काढून टाकणे. त्या थरातही माहिती असते: घरांच्या कडा, वर चिकटलेले इतर जीव, मूळ खडकाचे अवशेष. म्हणून दगडाचा पॉलिशआधीचा फोटो चारही बाजूंनी काढा. सापडल्याची जागा, तारीख आणि केलेल्या कसोट्यांचे निकाल एका चिठ्ठीवर लिहून दगडाबरोबर ठेवा. कोणता दगड कुठला हे नुसत्या आठवणीवर सोडले, तर काही वर्षांनी हातात सुंदर पण अनोळखी खडे उरतात. शक्य असेल तिथे एकच बाजू चमकवा आणि दुसरी मूळ रूपात राहू द्या. नक्षी नेहमीपेक्षा वेगळी वाटली, घरे ओळखीच्या कोणत्याच प्रकारात बसली नाहीत, तर कागद बाजूला ठेवून जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना दगड आधी दाखवा. पॉलिश पुढच्या महिन्यातही करता येईल. एकदा घासून गेलेला थर मात्र परत मिळवता येत नाही, तेव्हा घाई करू नका.